हरिपाठ आणि पंचनामा: संकटात साधना आणि हक्काचं काम सोबत कसं करायचं

पूर आला, दरड कोसळली, दुष्काळ पडला की ओळखीतली बरीच पोरं-पोरी विचारतात, आम्ही रोज हरिपाठ करतो, कुणी विपश्यनेला बसतं, कुणी विहारात वंदनेला जातं, कुणी नमाज पढतं, आता लोकांसाठी पण काहीतरी करायचंय पण सुरुवात कुठनं करायची आणि दोन्ही एकत्र कसं बसवायचं. हे त्यांच्यासाठी लिहितोय. मी कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यातला, २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै दोन्ही पूर इथंच काढलेत, भजनी मंडळातला माणूस आहे, त्यामुळं उदाहरणं वारकरी वळणाची येतील. तुमची वाट वेगळी असेल तर हरिपाठाच्या जागी तुमचा नेम घालून वाचा, काही अडत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पुरानंतरचे पहिले आठ-दहा दिवस माणसांची कमी नसते, टेम्पोच्या टेम्पो येतात, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, कपड्यांचे ढीग. खरी गरज लागते ती पाणी ओसरून पंचनामे सुरू झाल्यावर, कारण कुणाचं नाव यादीत येणार आणि कुणाचं राहणार हे त्या पंधरवड्यात ठरतं, आणि नेमकी तेव्हाच मदतीची माणसं घरी गेलेली असतात, जी थांबलीयत ती दमलेली आणि चिडलेली असतात. त्या वेळी तिथं टिकून राहता यावं, आणि डोकं ठिकाणावर ठेवून टिकता यावं, यासाठी रोजचा नेम लागतो. आणि वाटप करून परत आलो म्हणजे काम झालं असं समजू नका, किट संपतं, हक्काची नोंद राहते.

हे दोन्ही एकत्र करणं काही नवं नाही. तुकोबांनी दुष्काळ बघितला आणि वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं परंपरा सांगते, म्हणजे देणेकऱ्यांना मोकळं केलं आणि मग भजनाला बसले. निर्मिक, म्हणजे सगळ्यांचा एकच निर्माता, मानणाऱ्या जोतिबा फुल्यांच्या सत्यशोधकांनी १८७७ च्या दुष्काळात धनकवडीला मुलांसाठी आश्रम चालवला, सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता गेल्या. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे, कर्ज काढून सण का करता, पोरं शाळेत का घालत नाही. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्म दिला तो समतेच्या लढ्याचाच भाग होता, त्यामुळं विहारात बसणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको.

पण शिकायचं असेल तर साने गुरुजींचं पंढरपूर नीट बघा. १ मे १९४७ ला ते विठ्ठल मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, १० मे ला ते सुटलं. लोकांना एवढंच माहीत असतं. त्याआधी ते काही महिने महाराष्ट्रभर फिरले होते, गावोगाव सभा घेतल्या, राष्ट्र सेवा दलाची मुलं गाणी म्हणत सोबत होती, आणि त्या दौऱ्यात कितीतरी गावांनी आपली देवळं, आपल्या विहिरी आधीच खुल्या केल्या. उपोषण सगळ्यात शेवटी आलं, आधी फिरणं झालं, बोलणं झालं, लोकांचं मन वळवणं झालं. हा क्रम डोक्यात ठेवा, नवी माणसं थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात.

पहिलं काम: नेम छोटा करा, पण मोडू नका

घरी तुमची तासाभराची साधना असेल तर संकटात ती वीस मिनिटांवर आणा आणि वेळ ठरवून टाका. आम्ही निवारा केंद्रात, म्हणजे शाळेच्या वर्गात, संध्याकाळी सातला बसायचो, अख्खा हरिपाठ नाही, पाच अभंग, एक टाळजोडी, पखवाज नाही, स्पीकर तर अजिबातच नाही कारण बाजूला तापानं फणफणलेली लेकरं झोपलेली असायची. पाच अभंग झाले की सगळे दोन मिनिटं गप्प, आणि मग तिथल्या तिथं एकच प्रश्न, आज कोण दिसलं नाही. यातनं जेवढं हाताला लागलं तेवढं कुठल्या मीटिंगमधनं लागलं नाही, कारण अभंग म्हणून झाल्यावर माणूस जरा खाली बसलेला असतो, मोठ्यानं बोलायची खुमखुमी कमी झालेली असते, आणि कोपऱ्यातली एखादी बाई हळूच सांगते की मागच्या गल्लीतली म्हातारी जेवायलाच आली नाही, तिला पंगतीत बसायला लाज वाटते.

रूप बदललं तर घाबरू नका. २०२० ला करोनात पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, आणि ज्या माणसांची उभ्या आयुष्यात वारी चुकली नव्हती ती घरी बसून नाम घेत राहिली. त्यांच्याइतका कडक नेम आपला कुणाचाच नाही.

एक नियम मात्र पक्का ठेवा. जेवण आणि भजन यांची गाठ घालायची नाही. जो भजनाला बसला त्याला आधी ताट, किंवा आधी प्रार्थना मग वाटप, असं काहीही करू नका, निवाऱ्यात सगळ्या धर्मांची माणसं असतात आणि उपाशी माणसाला नाही म्हणता येत नसतं. बाजूच्या वर्गात कुणाला नमाज पढायची असेल तर जागा झाडून द्यायची, चटई द्यायची.

आणि तुमच्या गावातलं देऊळ पूरग्रस्तांसाठी उघडणार असेल तर ते सगळ्यांसाठी उघडं आहे का हे पहिल्याच रात्री बघा. ओट्यावर एक वस्ती आणि सभामंडपात दुसरी वस्ती अशी आपोआप वाटणी होते, कुणी बोलत नाही, पण होते. मंडळातल्या वडीलधाऱ्यांना बाजूला घेऊन शांतपणे सांगा की माऊली, वारीत आपण लहानथोर न बघता एकमेकांच्या पाया पडतो, मग हे आत येऊ देत. ऐकतात बहुतेक वेळा. नाही ऐकलं तर तुम्ही स्वतः ओट्यावर जाऊन झोपा आणि जेवायची पंगत तिथं लावा. वाटपाची यादी करण्याआधी हे करायचं, कारण आपल्याच मंडपात भेद चालत असेल तर तहसीलदारासमोर कुठल्या तोंडानं न्याय मागणार.

पाण्यात असताना

यावर जास्त लिहीत नाही. पाण्यात उतरून माणसं काढायचं काम एनडीआरएफ आणि ज्यांना बोट चालवता येते त्यांचं, २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली ते इथं कुणी विसरलेलं नाही. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७ वर फोन करा, अँब्युलन्सला १०८. तुम्ही मागचं बघा: बीपी-शुगरच्या गोळ्या कुणाच्या सुटल्यात, बाळंतीण कुठं आहे, सॅनिटरी पॅड, आतले कपडे, जनावरांना चारा, मोबाइल चार्ज करायला एक बोर्ड. जुने कपडे मागवू नका, त्यांचा नुसता चिखल होतो. पाणी ओसरलं की पायाला जखम असलेल्या माणसानं बुटाशिवाय चिखलात उतरू नये, लेप्टो, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातनं होणारा ताप, होतो, ताप आला की अंगावर काढायचा नाही, आरोग्य केंद्रात जायचं. पिण्याचं पाणी उकळून, आणि विहिरीत-टाकीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची) पावडर ग्रामपंचायतीकडनं टाकून घ्यायची.

वही घ्या आणि शेवटच्या घरापासनं सुरू करा

सगळ्यात जास्त वेळ याला द्या. एक दोनशे पानी वही, दोन पेन, आणि दोघं जण, त्यात एक बाई असलीच पाहिजे, कारण पुरुषानं दारात उभं राहून विचारलं की घरातली बाई नवऱ्याचं नाहीतर दिराचं नाव सांगून मोकळी होते. गावफेरी वेशीपासनं सुरू करू नका, तिथल्या घरांची नोंद कुणीतरी करतंच. गावाच्या टोकाला जी वस्ती आहे तिथनं सुरू करा आणि चावडीकडं या.

वहीत घरटी एवढंच लिहा: कोण राहतं, घर कुणाच्या नावावर, पाणी किती वर चढलं, काय गेलं, कागद कुठले वाहून गेले, बँक खातं चालू आहे का, आणि घर चालवणाऱ्या माणसाचा फोन. आणि या माणसांना मुद्दाम शोधा, ही यादीतनं कायम गळतात:

भाड्यानं राहणारी. घरमालकाचं नाव लागतं, भांडीकुंडी वाहून गेलेली असतात भाडेकरूची.

वाट्यानं शेती करणारी. पीक यांनी लावलं, खत यांनी उसनं आणलं, सातबारा दुसऱ्याचा, ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची मोबाइलवरची सरकारी नोंद, पण त्याच्याच नावावर, भरपाई त्याच्या खात्यात. इथं कायद्यापेक्षा गावातल्या शब्दाचा उपयोग होतो, मालकाला मंडळात बोलवून पैसे जमा व्हायच्या आधीच वाटा ठरवून घ्यायचा, चार माणसांसमोर लिहून. जमा झाल्यावर अवघड जातं.

गायरानात किंवा नदीकाठी घर बांधलेली. अतिक्रमण आहे म्हणून पंचनामाच करत नाहीत कधी कधी. घरपट्टीची पावती, लाइटचं बिल, मतदार यादीतलं नाव, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, जे मिळेल ते गोळा करा.

विधवा आणि सोडून दिलेल्या बायका. शिरोळ तालुक्यातल्या एका गावात एक मावशी भेटल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, वारस नोंद कधी झालीच नाही, घर अजून सासऱ्याच्या नावावर आणि दीर पुण्याला. भिंत पडलेली, त्या पडलेल्या भिंतीला ताडपत्री लावून आत चूल मांडलेली, आणि आम्ही विचारल्यावर म्हणाल्या, आमचं काय नाही ओ, तुम्ही त्या पलीकडच्यांचं लिहा. असं म्हणणारं माणूस दिसलं की तिथंच खाली बसायचं आणि सगळं लिहायचं, उतारा मागवायचा, वारस नोंदीचा अर्ज त्याच दिवशी तलाठ्याकडं टाकायचा.

बाहेरनं आलेले मजूर, वीटभट्टीवरचे, इचलकरंजीच्या यंत्रमागावरचे. रेशनकार्ड बिहार-यूपीचं, त्यामुळं कुणाच्याच यादीत नाहीत. आणि उलट बाजूनं, आपल्या गावचे जे ऊसतोडीला किंवा कामाला लांब गेलेत, कुलूपबंद घर म्हणून त्यांचा पंचनामा राहतो.

ही फेरी मला जपापेक्षा कमी वाटत नाही. चार घरांत तेच दुःख ऐकून पाचव्या घरात पहिल्यांदा ऐकतोय असं लक्ष देऊन बसणं, हेच तर आपण डोळे मिटून शिकत असतो. मात्र तोंड सांभाळा. देवाची इच्छा होती, मागच्या जन्मीचं असेल, जे होतं ते चांगल्यासाठी, यातलं एक वाक्यसुद्धा कुणाच्या पडलेल्या घरात उभं राहून बोलायचं नाही. धरणातनं पाणी कधी सोडलं, नदीकाठी भराव कुणी टाकला, पूररेषेत बांधकामाला परवानगी कशी मिळाली, ही माणसांनी केलेली कामं आहेत आणि ती देवाच्या नावावर घातली की विचारणारा कुणी उरत नाही.

पंचनाम्याच्या दिवशी

तलाठी (आता नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी झालंय, लोक तलाठीच म्हणतात), ग्रामसेवक आणि शेतीचं असेल तर कृषी सहायक, असे मिळून येतात. ते कधी येणार हे आदल्या दिवशी विचारून वस्तीत सांगून ठेवा, घरात माणूस हवं. घर साफ करायच्या आधीच भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा, पडझडीचा, मेलेल्या जनावराचा फोटो काढून ठेवा, तारीख-ठिकाण येणारं कॅमेऱ्याचं ॲप वापरा. सही करण्याआधी लिहिलेलं मोठ्यानं वाचून घ्या, घर पूर्ण पडलंय का अंशतः एवढ्या एका शब्दावर रकमेत फार फरक पडतो. पंचनाम्याच्या कागदाचा फोटो तिथंच काढा.

नाव राहिलं तर तोंडी भांडत बसू नका. साध्या कागदावर अर्ज, दोन प्रती, एक तहसीलला द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक-शिक्क्याची पोच घ्यायची. पोच नसेल तर तो अर्ज दिलाच नव्हता असं धरून चाला. बाधितांची यादी ग्रामपंचायतीत किंवा चावडीत लावा अशी मागणी लेखी करा. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत माहिती द्यावी लागते, नाही दिली तर पहिलं अपील. महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर ऑफिसला लोकशाही दिन असतो. घरातलं माणूस गेलं असेल तर चार लाखांची मदत आहे, त्याला पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट लागतो, त्या दुःखात घरच्यांना हे सुचत नाही, तुम्ही लक्षात ठेवा. शेतीच्या मदतीला यादीतला विशिष्ट क्रमांक घेऊन सेतू केंद्रात ई-केवायसी (आधारवरनं ओळख पटवणं) बऱ्याचदा करावी लागते, किती जणांचे पैसे मंजूर होऊन याच पायरीवर अडकलेले असतात, अंगठा उमटत नाही, आधार भलत्याच खात्याला जोडलेलं.

राग येणार

ऑफिसात दिवसभर बसवून साहेब मीटिंगला गेले म्हणतात तेव्हा राग येणारच, आणि तो चुकीचा नाही. पण एक बघा, समोरचा तलाठी चार गावांचा चार्ज घेऊन बसलाय, त्याच्या स्वतःच्या घरात पण पाणी शिरलं असेल. आम्ही एक पद्धत ठेवली, ऑफिसच्या पायऱ्या चढायच्या आधी बाहेर झाडाखाली सगळे पाच मिनिटं गप्प, ज्याला नाम घ्यायचं त्यानं नाम, ज्याला श्वास बघायचा त्यानं श्वास, आणि मग आत एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी कागद धरायचे. शांत बोलायचं म्हणजे मागणी मऊ करायची नाही. साहेब, ही एकवीस नावं राहिलीत, हे पुरावे, पोच द्या, आम्ही गुरुवारी परत येतो. आणि गुरुवारी जायचंच. धरणं, मोर्चा, उपोषण हे सगळं हक्काचं आहे, पण गुरुजींचा क्रम आठवा, आधीचं सगळं करून झालं असेल तरच त्याला वजन येतं. ज्यांच्यासाठी बसताय ती माणसं तुमच्या सोबत बसायला तयार आहेत का हे पण विचारा, नाहीतर ते तुमचं एकट्याचं व्रत होतं.

उलट बाजूचा धोका पण सांगतो. काही जण साधनेच्या नावाखाली प्रश्नच टाळतात, आपण फक्त सेवा करायची, राजकारणात पडायचं नाही म्हणतात. पक्षाचा झेंडा लावू नका, कुणाच्या फोटोचं बॅनर वाटपाच्या टेबलाला लावू देऊ नका, इथपर्यंत बरोबर. पण यादीतनं वस्ती गळाली हे बोलणं म्हणजे राजकारण असेल तर ते करायलाच हवं.

पैसे आणि माणसं

वर्गणी घेतली तर पावती, आणि दर आठवड्याला जमा-खर्च देवळाच्या फळ्यावर. मदत घेणाऱ्यांचे फोटो काढू नका, देणाऱ्याला पाहिजे असेल तर सामानाचा फोटो पाठवा. सप्ताहाची पट्टी गोळा झालेली असेल तर त्या वर्षी पंगत साधी करून उरलेली रक्कम वह्या-पुस्तकांना, घरांच्या पत्र्यांना द्यावी असा विषय मंडळात काढा, भांडण होईल पण काढा.

माणसांना आळीपाळीनं सुट्टी द्या, सक्तीनं. ज्याला झोप येत नाही, जेवण जात नाही, सारखं पाण्याचा आवाज ऐकू येतो म्हणतो, त्याला जास्त जप कर असं सांगून वाटेला लावू नका, १४४१६ वर टेली-मानसची फुकट हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, फोन लावून हातात द्या. कार्यकर्त्यांनाही तेच.

पावसाळा संपल्यावर

वही बंद करू नका. २६ जानेवारी आणि १ मे च्या ग्रामसभेत विषय लेखी द्या: निवाऱ्याची जागा, बोट कुणाकडं, वस्तीचा रस्ता पाण्याखाली जातो तो उचलून घ्यायचा, गायरानातली घरं नियमित करायची. महिन्यातनं एका एकादशीला भजन झाल्यावर तासभर फक्त वहीला ठेवा, कुणाचं मिळालं, कुणाचं अडकलं. एप्रिल-मेत सगळ्यांच्या आधार, रेशनकार्ड, पासबुक, उताऱ्याच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून ज्याच्या त्याच्या घरी द्या आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवायला शिकवा, वारस नोंदी उरकून घ्या.

आणि जे पुण्या-मुंबईत किंवा परदेशात आहेत, यायला जमत नाही म्हणून हळहळतात, त्यांनी हळहळू नये, त्यांना काम आहे. वहीची पानं फोटोवरनं टाइप करून यादी करणं, माहिती अधिकाराचे अर्ज ऑनलाइन भरणं, आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाकून तिचा नंबर सांभाळणं, हे गावातल्या दमलेल्या माणसापेक्षा तुम्हाला नीट जमेल. पाच घरं वाटून घ्या आणि दर रविवारी सकाळी तुमची पूजा, ध्यान, जे काय असेल ते झालं की त्या पाच घरांना फोन करा. आधी तब्येत विचारा, मग पैसे जमा झाले का विचारा, आणि नाही म्हटले तर विशिष्ट क्रमांक, बँकेची शाखा आणि आधार कुठल्या खात्याला जोडलंय हे लिहून घेऊन गावातल्या वहीवाल्याला त्याच दिवशी पाठवा, म्हणजे सोमवारी सेतू उघडल्या उघडल्या तो रांगेत उभा राहू शकतो.